सेराफिनाचं आतलं माप

१

१९८४ साली मी बोरिवलीच्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. खाडीपट्ट्यातल्या होड्यांची नोंदणी तिथे व्हायची. स्टेशनच्या पश्चिमेला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर तीन खोल्या. गिरणी सुरू असली की टाइपरायटर टेबलावर हळूहळू सरकत जायचा आणि संध्याकाळपर्यंत फायलींवर पिठाचा पातळ थर बसलेला असायचा.

होडी एकाने दुसऱ्याला विकली की कागद आमच्याकडे येत. स्टँपपेपरवरचं विक्रीपत्र, जुना नोंदणी दाखला, होडीवर कसलाही बोजा नाही असं मच्छीमार सोसायटीचं पत्र, दोघांचे फोटो आणि सह्या. मग आमचे निरीक्षक भीमराज मोहिते जाऊन होडी मोजत. त्यांचा मोजणी तक्ता फायलीला लागला की होडी नव्या मालकाच्या नावावर चढायची.

या कामात पळवाट सोपी होती. जुन्या दाखल्यावरचे आकडे नव्या तक्त्यावर उतरवायचे, संपलं. होडी काय वाढते थोडीच, असं बाकीचे निरीक्षक म्हणत. मोहिते साहेबांनी अठरा वर्षांत एकही आकडा न मोजता लिहिला नव्हता. भर उन्हात गोराईच्या वाळूत पालथे पडून होडीचा तळ बघणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून, बाह्या बरोबर दोन घड्या दुमडून टेबलाशी बसलेला असायचा. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "आमच्यासारख्यांची चूक लोक दोनदा मोजतात, राऊतबाई. म्हणून मीच आधी दोनदा मोजतो."

मी तेवीस वर्षांची होते. त्यांच्यासारखं व्हावं असं मला मनापासून वाटायचं.

२

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जयवंत परब नावाचा माणूस अर्ज घेऊन आला. मूळचा देवगडचा, राहणार घाटकोपर. संपात कापडगिरणीची नोकरी सुटली, त्यानंतर दोन वर्षं मिळेल ते काम करत होता. आता दोघा भावांना घेऊन पुन्हा समुद्रावर जायचं त्याच्या मनात होतं. मनोरीच्या ॲम्ब्रोज नावाच्या म्हाताऱ्या नाखवाची 'सेराफिना' ही होडी त्याने पसंत केली होती. नारळी पौर्णिमेच्या आत नाव चढलं पाहिजे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कागद इतके नीट लावलेले होते की मोहिते साहेबांनी त्याचं कौतुक केलं. तो लाजला.

तो गेल्यावर मी जुना दाखला टाइप करायला घेतला. मागच्या बाजूला आधीच्या मोजण्यांचा तक्ता होता. पाच वेळा होडी मोजलेली, पाच वेगळे निरीक्षक, पाच वेगळ्या शाया. बाहेरची लांबी पाचही वेळा नऊ मीटर साठ. त्यापुढचा रकाना आतल्या लांबीचा. त्यात चौघांनी नुसती रेघ मारली होती. पाचव्याने काहीतरी आकडा लिहिला होता आणि मग ब्लेडने तो खरवडून काढला होता. कागद तिथे इतका झिजला होता की उजेडात धरल्यावर पलीकडची खिडकी दिसली.

मी तो साहेबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ तो कागद हातात धरला आणि म्हणाले, आळशी लोक.

दुसऱ्या दिवशी ते शिपाई धोंडूला घेऊन मनोरीला गेले. धोंडू नेहमी टेपचं दुसरं टोक धरायचा. वीस वर्षांच्या नोकरीत अशा शेकडो होड्यांच्या पोटात तो उतरला होता. संध्याकाळी तो एकटाच आला, माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि आठ दिवसांच्या रजेचा अर्ज टाइप करून द्या म्हणाला. कारण काय लिहू, विचारलं तर म्हणाला, काहीही लिहा. जाताना दारातून वळून एवढंच बोलला, की साहेबांना सांगा, ती होडी बाहेरून मोजून सोडून द्या.

सकाळी मी आले तेव्हा मोहिते साहेब कार्यालयाची भिंत मोजत होते. आधी तीस मीटरच्या कापडी टेपने, मग लाकडी पट्टीने, मग पुन्हा टेपने. टेप बरोबर होती. टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीने दोन आकडे होते. बाहेरून नऊ साठ, आतून दहा पंचवीस.

"आत टेप ढिली पडली असेल," मी म्हटलं.

"ढिली पडली तर दोन-चार बोटांचा फरक पडेल," ते म्हणाले. "दीड हाताचा नाही. मी काहीतरी बघितलेलं नाही, राऊतबाई. पुन्हा जायला हवं." थोडं थांबून त्यांनी विचारलं की धोंडू रजेवर आहे, तर टेपचं टोक धरायला तुम्ही याल का?

मला इतका आनंद झाला की धोंडूचा चेहरा मी विसरूनच गेले.

३

मार्वेहून तरीच्या होडीने आम्ही खाडीपलीकडे मनोरीला गेलो. तरीत मी कागद पुन्हा तपासत होते, लाट आली, आणि माझं पेन साहेबांच्या उजव्या बाहीवर गळलं. पांढऱ्या शर्टावर निळा डाग, बांगडीएवढा. मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी बाही बघितली आणि म्हणाले, शाईचं काम करणाऱ्याला शाई लागायचीच.

जयवंत धक्क्यावर आमची वाट बघत उभा होता. तो आम्हाला ॲम्ब्रोजच्या घरी घेऊन गेला. घर लहान, स्वच्छ, दारात क्रूस आणि तुळईला टांगलेली जाळी. ॲम्ब्रोजची बायको व्हायोलेट हिने चहा दिला. ॲम्ब्रोज सत्तरीचा, हाताची बोटं दोरांनी वाकडी झालेली. होडीबद्दल तो मुलीबद्दल बोलावं तसं बोलला. तिचं नाव त्याच्या आईचं. अशी भरवशाची होडी अख्ख्या मनोरीत नाही, म्हणाला. तिच्यात मासळी घालायला कधी जागा कमी पडली नाही. एका वर्षी शेजारच्या तीन होड्यांचा माल यांच्या होडीत घातला, तरी पोट भरलं नाही.

"किती माल बसतो?" साहेबांनी विचारलं.

"ते काय आमी कधी बघितलं नाय," ॲम्ब्रोज म्हणाला.

जयवंत खुशीत हसला. साहेब हसले नाहीत. मग म्हाताऱ्याने सरळ सांगितलं, की साहेब, बाहेरून मोजा आणि रेघ मारा. आधीच्या सगळ्या साहेबांनी तेच केलं. आम्ही पोटात उतरताना कमरेला दोरी बांधतो, वर एक माणूस दोरी धरून उभा राहतो. माझ्या बापाच्या वेळेपासून तशी रीत आहे.

"मग आता विकता कशाला?" साहेबांनी विचारलं.

व्हायोलेटने कपबश्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "दोरी धरायला घरात आता कोण नाय."

जयवंतने मान डोलावली. त्याला दोन भाऊ होते. त्याला ती अडचण वाटलीच नाही.

४

पावसाळ्याआधी ओढून घेतलेली सेराफिना वाळूवर लाकडांच्या टेकूवर उभी होती. भर दुपार होती, सावली अशी कुठेच नव्हती. होडी तेल पाजून काळीभोर केलेली, एकही फळी हललेली नाही. साहेबांनी तिच्याभोवती दोनदा फिरून बाहेरचं माप घेतलं. नऊ मीटर साठ. इंजिन काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे पोट पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत रिकामं होतं. वरच्या फळ्यांत एक चौकोनी तोंड, तिथून शिडी खाली गेलेली.

आम्ही उतरलो. आत माशांचा वास यायला हवा होता. आला तो ओल्या दगडाचा. बाहेरच्या उन्हानंतर इतकं गार लागलं की माझ्या दंडांवर काटा आला. लाकूड उष्णता आत येऊ देत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मी नाळेच्या फळीला टेकून टेपची पितळी कडी धरली. साहेब टेपची चामड्याची डबी आणि टॉर्च घेऊन सुकाणूच्या दिशेने निघाले. प्रत्येक मीटरला ते आकडा मोठ्याने म्हणायचे, ती त्यांची पद्धत होती. एक. दोन. तीन. आवाज शांत, कार्यालयात असतो तसा.

नऊ झाले. दहा झाले. ते थांबतील याची मी वाट बघत होते. अकरा. बारा. टॉर्चचा उजेड सुपारीएवढा झाला होता. मी वर बघितलं. चौकोनातून आभाळ दिसत होतं, बाहेर जयवंत आणि ॲम्ब्रोज बोलत होते, ते ऐकू येत होतं. होडीच्या दुसऱ्या टोकाशी उभे राहून बोलत होते ते. म्हणजे साहेबांच्याही अलीकडे.

"राऊतबाई," सोळावर साहेबांनी हाक मारली. "तुम्ही मला दिसताय. उजेड दिसतोय. घाबरू नका."

मी हो म्हटलं. माझा आवाज आत गेला आणि परत आला नाही.

तेवीसवर ते थांबले. मग म्हणाले, "इथेही भिंत नाही. मी डबी खाली ठेवून परत येतो. कडी सोडू नका."

टॉर्च मोठा होत होत आला. टेपवर हात ठेवून ते चालत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. घामाने चेहरा निथळत होता. धाप लागली होती. बाहीवर माझ्या शाईचा डाग होता. तो बघून मला कसं हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

आम्ही दोघं उभे असतानाच खाली सैल पडलेली टेप हळूच वर उचलली गेली. कमरेएवढी उंच झाली, ताणली गेली, आणि तिला दोन झटके बसले. दोन झटके म्हणजे तिकडचं टोक नीट धरलंय, माप वाचा. ही आमच्या कार्यालयातली खूण.

आतून आवाज आला. "तेवीस."

तो मोहिते साहेबांचा आवाज होता. मोहिते साहेब माझ्या डाव्या हाताला तोंड मिटून उभे होते.

"बावीस," आवाज म्हणाला. त्याबरोबर डबीची मूठ फिरल्याची करकर ऐकू आली. कोणीतरी टेप गुंडाळत आमच्याकडे येत होतं.

साहेबांनी माझ्या हातातली कडी स्वतःच्या हातात घेतली. "वर चढा."

"साहेब, तुम्ही..."

"वर चढा, बाई."

मी चढले. माझे पाय शिडीवरून दोनदा निसटले. एकोणीस, अठरा, सतरा. तो आवाज घाई करत नव्हता. प्रत्येक आकडा पूर्ण उच्चारत होता. मी बाहेर फळ्यांवर पालथी पडले आणि खाली हात दिला. साहेब अजून कडी धरून अंधाराकडे तोंड करून उभे होते. मी पूर्ण बाहेर येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. अकरा म्हटलं गेलं, दहा म्हटलं गेलं, तेव्हा कुठे त्यांनी कडी खाली ठेवली. फेकली नाही, ठेवली. आणि शिडीला हात घातला.

ते वर आले त्या क्षणी मी त्यांच्या खांद्यावरून खाली बघितलं. शिडीच्या पायाशी उन्हाचा एक चौकोन पडला होता. त्या चौकोनात एक हात आला. पांढरी बाही, बरोबर दोन घड्या दुमडलेली, तिच्यावर बांगडीएवढा निळा डाग. त्या हाताने चामड्याची डबी अगदी अलगद खाली ठेवली. टेप पूर्ण गुंडाळलेली होती, कडी आत दुमडून बसवलेली. मग हात मागे गेला.

साहेबांनी मागे बघितलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

५

जयवंत होडीच्या कडेवर चढून आला. त्याने काही ऐकलं नव्हतं. आकडा काय आला, एवढंच त्याला हवं होतं. मग त्याने त्या चौकोनी तोंडातून खाली डोकावलं आणि म्हणाला, अरे, साहेबांची टेप खालीच राहिली, मी आणतो. त्याचा एक पाय शिडीवर गेला होता.

मोहिते साहेबांनी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढला. इतक्या जोरात, की तो फळ्यांवर बसला. या माणसाने कोणाच्या अंगाला हात लावल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

खाली वाळूवर ॲम्ब्रोज उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, समुद्राकडे बघत होता. साहेब उतरले, टेकूला पाठ लावून उभे राहिले आणि तक्ता मागितला. मी दिला. ॲम्ब्रोज हळूच म्हणाला, की रेघ मारा, साहेब. सगळ्यांची सोय होईल.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आतल्या लांबीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मोजता आली नाही. शेवट सापडला नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

जयवंतने ते वाचलं आणि त्याचा तोलच गेला. दोन वर्षं तो या दिवसासाठी जगला होता. भावांनी नोकऱ्या सोडल्या होत्या. बायकोने, सुंदराबाईने, होडीसाठी साखरपुड्याची साडी फाडून निशाण शिवलं होतं. तो साहेबांना वाटेल ते बोलला. गरिबाचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही, इथपर्यंत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जयवंतराव, तुमच्या होडीत तीन माणसं जाणार आहेत. ती कुठपर्यंत जातील ते मला माहीत नाही. मला माहीत नसलेल्या गोष्टीखाली मी सही करत नाही."

तरीत परतताना मी त्यांची बाही बघत बसले.

६

आता मला लाज वाटते ते सांगते. पुढचा महिनाभर मी त्यांच्यावर नजर ठेवली.

अंधारातून परत आलेला माणूस टेपवर हात ठेवून आला होता, आणि त्याच्यामागून दुसराही टेप धरूनच आला होता. दोघांचा आवाज एक, बाही एक, डागसुद्धा एक. वर आले ते कोण? ते पेन कसं धरतात, चहात साखर किती घालतात, टोपण कुठल्या हाताने लावतात, हे मी बघत राहायचे. सगळं पूर्वीसारखंच होतं. पण पूर्वीसारखं असणं हाच पुरावा मानायला माझं मन तयार नव्हतं. मग वाटायचं, मी वेडी झालेय, भर उन्हातून अंधारात गेल्यावर माणसाला काहीही दिसतं.

एकदा त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बघा, राऊतबाई. तुम्हाला बघायचा हक्क आहे. मीही सकाळी आरशात बघतोच."

मुख्य कार्यालयातून विचारणा आली. शेवट सापडला नाही म्हणजे काय? सरकारी साधन, म्हणजे टेप, कुठे आहे? साहेबांनी उत्तर दिलं. आणखी दोनदा विचारणा आली. वरचे एक अधिकारी स्वतः आले, दार लावून समजावून गेले, की नवा तक्ता भरा, रेघ मारा, तुमची बढती या वर्षी आहे. दाराच्या अलीकडे मला साहेबांचं उत्तर ऐकू आलं. रकाना रिकामा ठेवायचा असता तर तो छापलाच नसता, असं ते म्हणाले. तिन्ही खुलासे मीच टाइप केले. तिन्हींत तेच वाक्य होतं, शब्दही बदलला नव्हता.

बढती गेली. दिवाळीआधी त्यांची बदली झाली, जुन्या फायलींच्या खोलीत, जिथे मोजायला काही नव्हतं. जाताना त्यांनी माझ्या टाइपरायटरखाली घालायला रबराचे चार तुकडे कापून दिले, म्हणजे तो सरकू नये. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. मी त्यांच्या घरी, मुलुंडला, अधूनमधून जायचे. सेराफिनाचा विषय आम्ही कधी काढला नाही. ॲम्ब्रोज आणि व्हायोलेट घर बंद करून वसईला लेकीकडे गेले. होडी वाळूवरच राहिली. जळणासाठीसुद्धा तिला कोणी हात लावला नाही, असं ऐकलं.

७

१९८७ च्या फेब्रुवारीत जयवंत परब पुन्हा आला. कपाळावरचे केस गेले होते, पण चेहरा उन्हाने तांबूस, तृप्त दिसत होता. दुसरी होडी घेतली होती, साधी, लहान. कागद पूर्वीसारखेच नीट लावलेले. त्याने आधी मोहिते साहेबांची चौकशी केली. निवृत्त झाले म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढून म्हणाला, की एक गोष्ट त्यांना सांगायची होती, आता तुम्हाला सांगतो.

त्या वर्षी, नकार मिळाल्यावर, जूनमध्ये तो रागाच्या भरात एकटाच मनोरीला गेला होता. दुपारची वेळ. होडीच्या सावलीत बसला होता. तेवढ्यात पोटातून साहेबांनी हाक मारली. जयवंतराव, कागद आणलेत का? त्याला वाटलं, साहेब पुन्हा मोजायला आलेत, त्यांचं मन बदललं. आनंदाने त्याला रडू फुटलं. तो वर चढला. खालून साहेब म्हणाले, या, खाली या, सही करून देतो. अगदी प्रेमाने म्हणाले. त्याने शिडीवर पाय ठेवला.

"आणि?" मी विचारलं.

आणि त्याची नजर सहज धक्क्याकडे गेली. वाळूतून मोहिते साहेब चालत येत होते. छत्री नाही, काखेत पाटी, हातात हातोडा आणि खिळ्यांची पुडी. रविवार होता, ते सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आले होते, होडीवर पाटी ठोकायला, की ही नौका समुद्रात नेण्यास मनाई आहे. जयवंत शिडीवरचा पाय मागे घेऊन वाळूत उतरला आणि पळत सुटला तो त्यांच्यासमोर जाऊन थांबला. त्यांना तो काही सांगू शकला नाही. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं, आणि म्हणाले, तुम्ही तरीने घरी जा. मग एकटेच पुढे गेले. ते पाटी ठोकत असल्याचा आवाज त्याला धक्क्यापर्यंत येत होता.

मी म्हटलं, "पण तुम्ही घाबरून पळालात ते याच साहेबांकडे. हेच खरे, हे कशावरून?"

मघापासून तो शहरातलं मराठी बोलत होता. आता त्याची भाषा बदलली.

"खालचो सायब सही देऊक तयार होतो, बाई," तो म्हणाला. "वरच्यान दिल्यान नाय. तेवढ्यारसून माका कळला, खरो कोण तो."

तीन वर्षं माझ्या छातीत अडकून बसलेलं काहीतरी त्या वाक्याने सुटलं. मी पदराने डोळे पुसले, त्याचा अर्ज पुढे ओढला आणि टाइपरायटरमध्ये कागद घातला. जयवंत मात्र उठला नाही. हातातल्या सुतळीला उगाच गाठी मारत बसला होता. अजून काही आहे का, मी विचारलं.

"आसा," तो म्हणाला. "सही देतंय म्हणान सांगल्यान, तेच्या आधी खालच्यान तुमचा नाव घेतल्यान."

"काय म्हणाला?"

त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"विचारल्यान, राऊतबाई कधी येतत."